गोड्या विहिरीची उपास-तपासणी

१० मार्च १९५८
...आणि त्या सकाळीही मी कोंबड्या सोडल्या, चूल सारवली, नवऱ्याची, मार्तीनची, पेज निवत ठेवली. खोपटातून जाळं आणलं, वाळूत पसरलं. पेज निवली तरी मार्तीन उठला नाही. चार वर्षं झाली, पेज निवत ठेवताना हात अजून थांबतो.

आठवायचं कारण नणंद. नातालीन. मार्तीनच्या मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, वयनी, डॉक्टराक येळार हाडलं असतंस तर माझो भाव वाचलो असतो. तेव्हापासून बोलणं बंद. तिचं घर आमच्या दगडी गडग्यापलीकडे.

आज कळलं, तिची विहीर खारी झाली. सून बाळंतीण. माझी विहीर मे महिन्यातही गोड. फादर म्हणाले होते, लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासांत, नुसते मासे सोडू नका, वाईट सोडून चांगलं निवडा. मी निवडलं. नातालीनला पाणी देणार. मन एकदम हलकं झालं.

११ मार्च
दिलं नाही. मागू दे की तिने. न मागता दिलं तर तिला नम्र होण्याचा चान्स मिळणार नाही. मी तिच्या आत्म्याचा विचार करते.

१६ मार्च, रविवार
दोरी आणि बालदी मुद्दाम विहिरीच्या काठावर ठेवली. दिसली पाहिजे, पण बोलावल्यासारखं नको. संध्याकाळी वाटलं, न विचारता उचलली तर चोरीचं पाप तिच्या माथी. बालदी आत आणली.

२१ मार्च
नातालीन डोक्यावर दोन घागरी घेऊन चर्चच्या विहिरीवरून येताना दिसली. उन्हात. केवढी म्हातारी झाली. चालणं थेट मार्तीनसारखं, डावा खांदा खाली. मी आत आले. डोळ्यात चुलीचा धूर गेला होता.
चूल पेटवलेली नव्हती.

२५ मार्च
कन्फेशन. फादरनी विचारलं, पाणी दिलंस? म्हटलं, मागितलं नाही. ते म्हणाले, मागितलं नाही म्हणजे तहान नाही काय गो? तरुण आहेत. त्यांना नणंद नाही.

३० मार्च, झावळ्यांचा रविवार
ठरलं. आजच. घागर भरली, कमरेवर घेतली. पण सगळा वाडा चर्चमधून परतत होता. दान गुपचूप करावं, हे मी स्वतः वाचलंय. मार्तीन गेल्यावर एकेक अक्षर लावत वाचायला शिकले ते काय उगाच? कुणी बघत नसेल तेव्हा देईन. अडचण एकच, नातालीन स्वतः सारखी बघत असते.

४ एप्रिल, गुड फ्रायडे
उपास. डोकं दुखलं. आजच्या दिवशी जड कामं करत नाहीत. घागर जड असते.
घाई नाही. तिला दुसरं कोण देणार? शेजारच्या शेवंतीची विहीर गोड आहे, पण तिची सासू कडक सोवळ्याची. किरिस्तावांची घागर तिथे बुडायची नाही. म्हणजे देवाने हे काम माझ्यासाठीच राखलंय.

८ एप्रिल
ईस्टरला लिहिलं नाही.
त्या दिवशी चर्चमधल्या मासनंतर घासलेली घागर भरून गेले. गुपचूप नाही, सगळ्यांसमोर. नातालीन दारात बसली होती. बघत राहिली. मग म्हणाली, वयनी, सगळी भांडी भरलीत गो. ह्यां आता खंय ओतू?
खरंच भरली होती. हंडा, तपेली, अगदी सुनेचा तांब्यासुद्धा. शेवंती देते. स्वतःच्या कळशीने काढते आणि हिच्या घागरीत वरून ओतते, म्हणजे सासूचं सोवळंही शाबूत. पंधरा दिवस झाले. वाटेत शेवंतीलाच विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, सांगूक कित्याक होया? बाळंतीण आसा, माज्याकडे पाणी आसा. त्येच्यात इचार कसलो करतंस?
मी चार आठवडे केला.
भरली घागर परत आणताना जास्त जड लागली. रात्रभर म्हणत होते, निदान नेली तरी. पहाटेपर्यंत तेही म्हणवेना.

काल सकाळी नातालीनकडे गेले. बाळाची दुपटी उचलली आणि शेवंतीच्या विहिरीवर नेली. शेवंती वरून पाणी ओतत होती. मी सगळी धुतली.