तीन हातांचं मीठ

॥ मारोतीराया पाठीशी असो ॥

सावली, पौष वद्य अष्टमी

तीर्थस्वरूप अन्नपूर्णाबाईच्या पायांवर धाकट्या बहिणीचं, चंदाचं डोकं. भाऊजींनाही नमस्कार सांग.

तुझी टाच आता टेकते का? राईचं तेल कोमट करून लावत जा, आणि तेच तेल दुसऱ्या दिवशीही चालतं, टाकून देऊ नको. भाऊजींचा खोकला कमी झाला असेल तर देवाची कृपा, नसेल झाला तर बिडी. आम्ही इकडे सारे सुखरूप आहोत, निदान शरीराने.

तू म्हणशील, घरात दोन मोबाईल असताना चंदाला पत्र काऊन सुचलं. तर बाई, फोन उचलला की तू पहिलं काम स्पीकर लावायचं करतेस, मग माझं बोलणं तुझ्या आधी तुझ्या शेजारणीला कळतं. काही गोष्टी कागदावरच बऱ्या. (कागद आमच्या दिव्यानीच्या शाळेच्या मागच्या वर्षीच्या वहीचा आहे. पाठीमागे त्रिकोणाची सिद्धता आहे, ती वाचू नको. तिला चारपैकी एकच मार्क मिळाला आहे.)

आमची सांदवाडी तू पाहिलीस तेव्हा घरामागे नुसत्या काड्या उभ्या होत्या. ह्या वर्षी देवाने ती अशी भरली की सांगता सोय नाही. सकाळी उठले की आधी लिंबाचं आळं मोकळं करते, मग तांदूळ धुतलेलं पाणी लिंबाला, डाळ धुतलेलं मिरचीला, आणि मोरीची नाली सरळ पपईकडे. (हे आंघोळीला बसले की 'अजून दोन लोटे घ्या' असं मी बाहेरून सांगते. वीस वर्षांत बायको पहिल्यांदाच लाड करते आहे असं त्यांना वाटलं. मीही खुलासा केला नाही.) भेदरं (दिव्यानी टोमॅटो म्हणते) पिकली की आधी वांदरांना कळतं, मग मला. लिंबू तर त्यांना आवडतही नाही, पण तोडायचं, चावायचं, तोंड वाकडं करायचं आणि आपल्याच अंगावर फेकायचं, ह्यात त्यांना मोठी गंमत. म्हणून मी झाडाला जुनं पितळी ताट आणि एक उलथनं बांधलं, आणि दोरी खिडकीतून ओट्याखाली आणली. पोळ्या लाटता लाटता पायाने ओढते. वांदरं पळतात, पण सासूबाईंना वाटतं आरती लागली, त्या बसल्या जागी हात जोडतात. दिवसातून चाळीस वेळा तरी. एवढ्या पुण्यात थोडा वाटा माझ्या पायाचाही धरायला हरकत नाही.

तर मुद्दा लिंबाचा. मारोतीच्या देवळात दर वर्षीप्रमाणे भागवत सप्ताह बसणार आहे आणि काल्याच्या दिवशी तीनशे पान उठतं. मंडळाच्या बैठकीत लच्छूभाऊ म्हणाले की लोणच्याचे डबे बाजारातून आणू. मी बायकांच्या बाजूने उभी राहिले. मला कोणी विचारलं नव्हतं, पण माझ्या डोळ्यांपुढे झाड होतं. म्हटलं, देवाच्या पानावर डब्यातलं लोणचं कशाला, तीनशे पानांचं मी घरून देते. साऱ्या बायकांनी माना वळवून पाहिलं. (ते पाहणं मला आवडलं, खोटं कशाला बोलू. त्याचंच प्रायश्चित्त सध्या चालू आहे.)

दोनशे लिंबं उतरवली. झाडावर सांगायला एक ठेवलं नाही. आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे की लोणचं घालायला बसलं म्हणजे सांजदिवा लागेपर्यंत घरात कोणी एक शब्द बोलायचा नाही. लोणच्याला शब्द लागला की बुरशी चढते, असं सासूबाईंच्या सासूबाई सांगून गेल्या. त्यातून हे देवाच्या नावाचं, तेव्हा चाखायचंही नाही. नैवेद्याआधी जीभ लागली तर अख्खी बरणी उष्टी. मी तोंड मिटून लिंबं पुसली, चिरली, दीड किलो मीठ मोजून टाकलं, हळद-तिखट लावलं, चार काचेच्या बरण्या भरल्या, आणि मधेच वांदरं आली म्हणून काठी घेऊन सांदवाडीत गेले. (बिनआवाजाने वांदरं हाकलणं काय असतं ते एकदा करून पाहा. काठी मीच नाचवत होते, ती बसून बघत होती.) परत आले, झाकणं लावली, दृष्ट लागू नये म्हणून प्रत्येक बरणीच्या बुडाला काळ्या कापडाची रुंद पट्टी गुंडाळली. दिवा लागला, बोलायची मुभा झाली, तरी सासूबाई आणि हे दोघेही गालातल्या गालात हसत गप्पच बसले होते. मला वाटलं, भक्तीचं समाधान.

बारा दिवस बरण्या उन्हात ठेवल्या, रोज हलवल्या, रोज नमस्कार केला. जरा जड हलतात असं वाटलं, पण जड म्हणजे बरकत, असा मी अर्थ लावला. काल समोरची रहमतबी चाळणी परत द्यायला आली. लोणच्यात तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नाही, हे मी तिच्यासमोर म्हणत नाही एवढंच. एका बरणीची पट्टी सैल झाली होती, ती नीट करावी म्हणून तिने ओढली तर हातातच आली. तिने बरणी उन्हाकडे धरली. तळाला तीन बोटं पांढराशुभ्र थर.

"चंदाबाई," ती म्हणाली, "तुमी मिठाचं लोणचं घातलं अन् चवीपुरतं लिंबू टाकलं का?"

मी धावत आत गेले. वही आणली, दीड किलोच लिहिलेलं होतं. मग डब्याकडे गेले तर संक्रांतीला भरून ठेवलेले मिठाचे पुडे गायब. यांना आणि सासूबाईंना ओसरीवर बोलावलं. हे पंख्याकडे पाहू लागले, आणि पंखा तर बंद होता. सासूबाईंनी मात्र मान वर करूनच सांगितलं.

"तुहा हात मिठाले लय आखडता हाय, माय. भाजीत आमी खपवून घेतो. देवाले काऊन अळणी द्याचं? तू वांदरं हाकलाले गेली तवा मीनं मुठी-मुठीनं टाकलं."

किती मुठी, तर ते त्यांनी मोजलं नाही. देवाच्या कामात मोजदाद करत नाहीत म्हणे. (हे माझ्याकडे बघून.) त्यानंतर त्या पाणी प्यायला आत गेल्या आणि हे शेतावरून आले. पाहतात तर बरण्या उघड्या, शेजारी मिठाचा पुडा फोडलेला, त्यात चमचा उभा. यांना वाटलं मीठ घालायचं राहिलंच आहे, बायको थकली, आपण हातभार लावावा. बाई, वीस वर्षांत ह्या माणसाने स्वतःचं ताट उचललं नाही, आणि त्या दिवशी दीड पुडा मीठ सारखं वाटून चारही बरण्यांत घातलं. वर हलवूनही ठेवलं.

"मंग मले सांगतलं काऊन नाई?" मी विचारलं.

"बोलाचं नवतं ना," हे म्हणाले.

रहमतबी तोंडाला पदर लावून पायरीवरच बसली. मी रडावं की हसावं ह्या विचारात होते, तेवढ्यात सासूबाई हसल्या, मग माझाही इलाज चालला नाही. पण हसून मीठ उतरत नाही. आज सकाळी धीर करून देवळात गेले, म्हटलं लच्छूभाऊंना खरं सांगून मोकळी होते. तर मी तोंड उघडायच्या आधीच ते चार माणसांत म्हणाले, चंदाबाईच्या भरवशावर आपण डबेवाल्याला नाही कळवलं. मी मारोतीला पाच प्रदक्षिणा घातल्या आणि तशीच घरी आले. काल्याला बावीस दिवस आहेत. तीनशे माणसं पहिला घास घेऊन एकदम पाण्याकडे धावताना मला दिसत आहेत.

असो. आपलं दुःख आपल्यापाशी. तुझ्याकडे काही मागावं म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, नुसती खुशाली कळावी म्हणून लिहिलं. घरच्या लहानथोरांना आशीर्वाद आणि नमस्कार ज्याचे त्याला पोचते करावे.

तुझी,
चंदा

ता. क. रहमतबी म्हणते, मीठ काढता येत नाही, लिंबू वाढवता येतं. बिनमिठाची साडेतीनशे लिंबं आणखी चिरून घातली आणि पंधरा-वीस दिवस ऊन दिलं तर लोणचं माणसात येईल. तुझं झाड ह्या दिवसांत लदलेलं असतं असं ऐकून आहे.

ता. क. दुसरं. हे पत्र रहमतबीचे मालक नूर मोहम्मदभाऊ आणत आहेत. ते शनिवारी टेम्पोत भांडी घेऊन तुमच्या राजुऱ्याच्या बाजाराला येतात आणि परतताना टेम्पो रिकामाच असतो. म्हणजे पोत्याला भाडं पडणार नाही. पोतं मात्र परत पाठवीन, चांगलं द्यायला हरकत नाही.

ता. क. तिसरं. साडेतीनशे लिंबं आणखी घालायची म्हटल्यावर सहा-सात बरण्याही लागतीलच. रिकाम्या पाठवू नको, रस्त्यात फुटतात. लिंबं भरूनच पाठव.

ता. क. चौथं. सासूबाई म्हणतात, ह्या खेपेला सगळ्यांनी खुशाल बोलत बसा, बुरशी परवडली. मिठाचा डबा तोवर रहमतबीच्या घरी ठेवला आहे. यांनी फक्त चिरायचं.

ता. क. शेवटचं. मागच्या वर्षी तू पाठवलेल्या लोणच्याला मी चार बायकांत खारट म्हणाले होते आणि ते तुझ्या कानावर गेलं, म्हणून दिवाळीला तू आली नाहीस, हे मला माहीत आहे. ते मी मागे घेते. लिहिता लिहिता उठून तुझ्या त्या लोणच्यातली एक फोड खाऊन पाहिली, उगाच खोटी माफी नको म्हणून. खारटच आहे, बाई. पण तू काल्याला ये, आणि लिंबं शनिवारीच पाठव.