ऑल्डरविकचा लाल दगड

३ सप्टें. २००६, रवि. शुगर लँड, टेक्सास.
अनघाला ऑफिसने तीन आठवडे इंग्लंडला पाठवायचं ठरवलंय. फोनवर म्हणाली, एका वीकेंडला ऑल्डरविकला जाऊन येते, बाबांची पहिली प्रॅक्टिस होती ते गाव बघायचंय. डॉ. (वहीत डॉ., तोंडावर ‘अहो’) पेपरमधून मान वर न करता म्हणाले, तिथे बघण्यासारखं काही नाही, एक चर्च, एक पब आणि मेंढ्या. चर्चमागे काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. भेंडी करपली.

९ सप्टें.
अनघा आली होती, लॅपटॉप घेऊन. एवढ्याशा गावाने वेबसाइट काढलीय. चर्चचा मनोरा वाकडा, कारण सैतानाने लाथ मारली. विहिरीच्या पाण्याने तोंड धुतलं की वर्षात लग्न ठरतं. म्हटलं, तू दोनदा धू. हसली. बत्तीसची झाली, हसतेय.
मग शिवेवरचा दगड. तिथे म्हणे एका चेटकिणीला मारलं होतं.
“आई, लिसन. पाऊस पडला की दगडातून रक्त यायचं. तिथल्या म्हाताऱ्या लोकांनी पाहिलंय. सो क्रीपी, ना?”
मी चहा टाकायला उठले. साखर घातली की नाही आठवेना.

१० सप्टें.
ते रक्त नव्हे. माझा शेंदूर.
१९७१, ऑल्डरविक. माधव सहा दिवसांचा. आईने पत्रात दोनदा बजावलं होतं, सहाव्या दिवशी सटवाई पूज, बाळाचं नशीब ती लिहून जाते. डॉ. म्हणाले थोतांड, आणि व्हिजिटला गेले. बाळाला घरमालकिणीकडे ठेवून मी शिवेवर गेले. तो दगड आपल्याकडच्या म्हसोबासारखा दिसायचा, बुटका, खांदे असलेला. त्या गावात तेवढंच एक ओळखीचं वाटायचं. तेल-शेंदूर चोपडला. कोरा कागद ठेवला, डॉ.चं पेन ठेवलं.
माधवला दोन महिनेही पुरे झाले नाहीत. डॉ. म्हणाले साधी सर्दी आहे. ती छातीत उतरली.
एवढ्या लहानाला आपल्यात जाळत नाहीत. व्हिकारने, तिथल्या पाद्र्याने, चर्चमागे जागा दिली. भला माणूस.
मग टेक्सास, मग अनघा. डॉ. म्हणाले, हिला सांगायचं नाही. मी हो म्हटलं. त्यानंतर ते नाव घरात घेतलं गेलं नाही.
आता कालपासून एकच प्रश्न. चेटकीण आधीची, की माझ्या शेंदरातून निघालेली? आधीची असेल तर मी माझ्या बाळाचं नशीब कुणाकडून लिहून घेतलं?

१६ सप्टें.
अनघाला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, ती दगडाची गोष्ट किती जुनी गं?
“पेजवर ‘सिन्स एन्शंट टाइम्स’ लिहिलंय. का गं?”
उगाच, म्हटलं. त्यांच्या एन्शंटचा काय नेम. तीस-पस्तीस वर्षंही असतील.
वय ६१, पदवी बी.एस्सी., आणि चेटकिणीचा हिशेब लावत बसलेय. स्वतःचीच लाज वाटते. तरी सुटत नाही.

२४ सप्टें.
डॉ.ना सांगितलं, ती जायच्या आधी मी तिला सांगणार. तिथे जाऊन तिला थडग्यावर नाव वाचायला लागू नये. मग म्हणाले, “तू सांगितलंस तर ती पहिलं काय विचारेल? ‘बाबा डॉक्टर होते ना?’ मग मी काय सांगू?”
पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं, ह्यांना काही वाटतच नाही. मी कधी बोल लावला नाही असं लिहिणार होते, ते खोटं आहे. पहिलं वर्ष रोज लावला, मनात. त्यांना ते कळत असणार. पुढे बोलणं झालं नाही.

३० सप्टें.
अनघाला एअरपोर्टवर सोडलं. डॉ. ड्राइव्ह करत होते, मी मागे तिच्याशेजारी. आज ह्यूस्टनचा ट्रॅफिकही कमी. दोनदा तोंड उघडलं. एकदा स्वेटर घेतलास का विचारलं, एकदा तेही नाही.
“आई, यू ओके?”
हो, म्हटलं. भित्री आहे मी. डॉ. आरशातून बघत होते.

७ ऑक्टो., शनि.
सकाळी आठला अनघाचा फोन. चर्चच्या आवारातून. वारा ऐकू येत होता.
“आई, इथे एक छोटा स्टोन आहे. माधव लिहिलंय. आपलं आडनाव.”
मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.
“इथे चर्चची देखभाल बघणारे वॉर्डन म्हणतात, दर वर्षी टेक्सासहून बाबांचं पत्र येतं. भोवतीचं गवत कापा, नाव पुसट झालं असेल तर पुन्हा कोरा. एकही वर्ष चुकलं नाही. आई, कोण आहे हा?”
मला पत्रांचं ठाऊक नव्हतं. ह्या घरात राहून ठाऊक नव्हतं.
डॉ. मागच्या बागेत मिरच्यांना पाणी घालत होते. मी फोन घेऊन दारात गेले. माझा चेहरा बघून त्यांनी नळ बंद केला. मी म्हटलं, अनघा आहे, माधवपाशी उभी आहे.
त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले आणि फोन घेतला.
मी आत येऊन हे लिहितेय. खिडकीतून दिसतायत. फोन कानाला आहे. अजून बोलले नाहीत. ठेवलाही नाही.