नातेवाईकाचा रकाना

४ मार्च
आमच्या संस्थेचं टेंडर गेलं. महिनाअखेर निवारा केंद्र नव्या ठेकेदाराकडे. त्याने सगळ्यात कमी दर भरला म्हणे. बेघर माणसं सांभाळायची, तीही जो स्वस्तात सांभाळेल त्याने. मला ठेवतायत. लाज वाटली, तरी हो म्हटलं. नऊ वर्षं इथे काढली, जाऊ कुठे.

११ मार्च
केंद्रातल्या अनसूया आजीने जेवताना भांडण काढलं. भाजी अळणी. कोलशेतकडच्या मिठागरात जन्म गेला बाईचा, तिला कुठलं मीठ पुरणार! माझ्याही ताटात घातलं. खारट ढोण. खाल्लं. हल्ली फार विसरते, पण मीठ नाही विसरत.

२ एप्रिल
ठेकेदाराचा माणूस आला, निकम. नम्र आहे. फाइली बघितल्या. चालतेफिरते राहू देत, अंथरुणावरचे कमी करा, असं वरून आलंय. आजी खुब्याच्या ऑपरेशनपासून खाटेवरच. मी सांगितलं, हिला कोणी नाही.
"कसं नाही, मॅडम? हॉस्पिटलच्या फॉर्मवर मुलगी आहे की."
नातं : मुलगी. पत्ता वर्तकनगर, माझ्याच घरचा. सही माझी.
ऑपरेशनला नातेवाईकाची सही हवी होती. आजी कण्हत होती, मागची रांग ओरडत होती. लिहून टाकलं. केंद्रातल्या आम्ही सगळ्याच लिहितो, बहीण, सून, सुचेल ते.
निकमला खरं सांगितलं. "मग खोटं लिहिलं, असं लेखी द्या." दिलं तर नोकरी जाते. नाही दिलं तर आजीला मुलगी आहे, म्हणजे ती बेघर नाही. आठवड्याची मुदत.

५ एप्रिल
लेखी दिलं नाही. भ्याले, दुसरं काय.
कल्याण, डोंबिवली, सगळीकडे फोन केले. अंथरुणावरची म्हटलं की जागा नाही.
घरी विषय काढला. हे म्हणाले, "अगं, दोन खोल्या, त्यात आईचं आजारपण. ठेवणार कुठे?" चिडले असते तर भांडता आलं असतं.

९ एप्रिल
निकमने आजीला परस्पर सांगून टाकलं. मी पोचले तर केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं, मांडीवर गाठोडं.
"बाय, मना पोर हाय म्हनं. साहेब बोलला. मना आठवंच नाय."
 उगाच तिची चादर नीट केली.
"कशी हाय गो ती? बरी हाय ना?"
"बरी आहे. भित्री आहे जराशी."
"असूं दे. येल ना न्यायला?"
मी बाहेर आले. फार रडले.
मीच पाचला रिक्षा सांगितलीय, पत्ता फॉर्मवरचा. साडेतीन झाले. ह्यांना चारदा फोन लावला. उचलत नाहीत.