नऊ तारखेचं पत्र

५ जून

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. मी एकोणीस वर्षांची असताना, बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात मला तुझं पत्र सापडलं. तू तेव्हा आठ वर्षांचा, आणि अक्षर म्हाताऱ्याचं. तारीख यंदाच्या नऊ जूनची. लिहिलं होतंस की, ताई, तू बुडालीस, कागद आणायला संध्याकाळच्या होडीनं जाऊ नकोस. मी गेले नाही. होडी बुडाली, नावाडी तेवढा पोहून काठाला लागला.

तर येत्या नऊ तारखेला ते पत्र लिहून त्याच शिकंज्यात ठेव. हसायचं तर हस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

७ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हसलोच. बायकोला वाचून दाखवलं. तीही हसली आणि मग डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली. शाळेची तीनशे पुस्तकं शिवायची आहेत, आणि तुला हे खूळ सुचतंय. तू धडधाकट असताना तू बुडालीस असं लिहायला माझा हात धजत नाही. मला खोटं लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. लोभ आहेच, तो वाढवायला असल्या गोष्टी रचू नकोस.

तुझा टिल्लू

९ जून

ताई,

मायना सुचत नाही. आज शिकंजा उघडला तर आत दोन पत्रं. एक तुझ्या अक्षरातलं, सत्तरीच्या बाईनं लिहिलेलं. दुसरं माझ्या हातचं, परवाच्या तारखेचं, तुला हसणारं. त्याच्या पाकिटावर पत्ताच नाही. मला यातलं काही आठवत नाही. बायको म्हणते, तुमची बहीण तर तुम्ही आठ वर्षांचे असतानाच बुडाली. मलाही तेच आठवतं. बाबा तीन दिवस नदीकाठी बसून होते, आणि घरात तुझा एकोणिसाव्या वर्षानंतरचा एकही फोटो नाही.

ताई, संध्याकाळच्या त्या होडीत बसू नकोस. कागद उद्या आणता येईल. लोभ करायला तरी मागे राहा.

टिल्लू

त्याच दिवशी, एक्कावन्न वर्षांपूर्वी

ती. टिल्लूस,

तू वयानं मोठा झालास, म्हणून तीर्थरूप. तुझं पत्र शिकंज्यात मिळालं. तू या क्षणी टेबलाखाली बसून रद्दी कागदाची टोपी करतोयस. मी कुठेही जात नाही.

सत्तरीला मी तुला सगळं सांगीन, आणि तू हसशील. मग दोन दिवस मी नसेन, हे आता मला कळलंय. तरी सांगीनच. त्याशिवाय तू हे पत्र खरंखरं लिहिणार नाहीस. तेव्हा पोटभर हस.

तुझी, अजून असलेली,
ताई