शटर आलं तेव्हा

६ फेब्रुवारी १९७३
बन्सीनं रतनचं मनगट मोडलं. चुलीपुढच्या लाकडानं.
माझी धाकटी बहीण पाथर्डीहून एसटीनं एकटी आली, हात पदरात बांधून. डॉक्टरला म्हणाली, "हिरीवर घसरले." आणि मला डोळ्यांनीच दटावलं – बोलू नको. डॉक्टरनं हाड बसवताना कर्रकन आवाज आला. 
माझ्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात येऊन टोचा भिंतीत खुपसला. तीनदा. गिलाव्याचा पोपडा पडला. या माणसाला मी दाजी म्हणतो! समोर असता तर भिंतीऐवजी त्याचं नरडं होतं.

१३ फेब्रुवारी
बन्सीला पोलिसांनी उचललं. पाथर्डीकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा, तिथं काल आसाराम मुकादमाचं डोकं हातोड्यानं फोडलं. मुकादम जागीच गेला. मेंदू खडीवर सांडला होता म्हणे.
रतन भिंतीला टेकून खाली बसली. मी चहा टाकला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं मला. फासावर जाऊ दे.

१७ फेब्रुवारी
पाथर्डीचा फोटोग्राफर कानिफनाथ आला. मोठ्या लाकडी कॅमेऱ्याची लेन्स आतल्या शटरसकट फडक्यात गुंडाळून. "शटर जड चाललंय, लग्नं तोंडावर आलीत."
ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या उस्तादांची शिस्त – आलं तेव्हा कसं होतं ते आधी लिहायचं, मगच स्क्रू सोडायचा. दुकानाचं आणि जिवाचं माझं एकाच वहीत असतं, म्हणून इथंच लिहितो: शटरचा काटा पंचविसावर. कळ दाबली, बल्बासमोर धरून बघितलं. शटरच्या पाकळ्या अडकतात. सेकंदाचा पंचविसावा भाग उघडायच्या, त्या चांगला अर्धा सेकंद उघड्या. पाचवेळा दाबलं, पाचही वेळा तेच.
खोललं. पाचही पाकळ्यांवर तेल आणि खडीची धूळ, नुसता चिखल. पेट्रोलनं धुतलं, वाळवलं, जुळवलं. आता चाबकासारखं चालतं. लगेच घेऊन गेला.

४ मार्च
कानिफनाथ परत आला. मुकादमाच्या खुनाचा फोटो यानंच काढलेला, शटर माझ्याकडं आणायच्या पाच दिवस आधी, मला माहीतच नव्हतं! मुकादमानं ग्रुप फोटोला बोलावलं होतं. कॅमेरा मांडला आणि शिव्या सुरू झाल्या, कोणीतरी हातोडा घातला, माणसं पांगली. "मी घाबरून कळ दाबली अन् काळ्या कापडात डोकं घातलं. कोन कुनाला मारतंय, बघायला थांबतो व्हय?"
एक प्रत दाखवली. आसाराम पडलेला, कवटी उघडी. शेजारी बन्सी, खांबासारखा उभा. बाकी चिटपाखरू नाही. सरकारी वकील म्हणतात, शटर पंचविसावर होतं, दुसरं कोणी असतं तर दिसलं असतं. कामावरची माणसं तोंड उघडत नाहीत.
"निगेटिव्ह मातुर काळीकुट्ट आली," म्हणाला, "फोटो धुवायचं औषध बिघडलं आसंल."
औषध नाही बिघडलेलं, उजेडच जास्त शिरलाय. आसारामच्या अंगावरून फोटोत चुलीच्या धुरासारखा एक पट्टा गेलाय. पट्टा नाही तो, माणूस आहे. अर्धा सेकंद शटर उघडं राहिलं, त्यात जो पळाला तो पुसला गेला. जो जागेवर थिजला तोच उमटला.
बन्सीनं मारलेलं नाही.
शटर मी स्वतःच्या हातानं धुतलंय. आता तपासलं तर बिनचूक पंचविसावा. पुरावा उरलाय तो फक्त या वहीत.
कानिफनाथला म्हणालो, "औषधच असेल."

५ मार्च
का सांगू? रतनचं हाड मोडताना त्याला कोणी थांबवलं होतं?

२० जून
प्लास्टर कधीच निघालं, पण मनगट वाकडंच राहिलं. परात उचलताना रतनचा ओठ दाताखाली जातो. मी वही फळीवर मागं ढकलली.

९ सप्टेंबर
रतननं वही वाचली. चौथी शिकलेली, मी विसरलोच होतो. दुकान झाडताना काढली आणि स्टुलावर बसून सगळी वाचली.
"दादा, त्यानं मारलं न्हाई. तुला ठावं हुतं."
म्हणालो, "त्यानं तुझा हात मोडला."
"व्हय, मोडला. त्याची शिक्षा त्याला त्याच्याच नावानं होऊ दे. दुसऱ्याच्या खुनाची नको."
"वाचवतेस त्याला? परत मार खायला जातेस?" असं ओरडलो आणि माझा हात उठला. तोंडावर. उलट्या हातानं. ती लेन्सच्या कपाटावर आदळली, काच फुटली. ओठातून रक्त.
बन्सीचाच हात होता तो, माझ्या खांद्याला लावलेला. लाज वाटते. 
ती उठली, पदरानं रक्त पुसलं, वही माझ्यापुढं ठेवली. "हे बी लिही. आलं तवा कसं हुतं ते लिवायचं म्हन्तोस ना?"
लिहिलं.

१० सप्टेंबर
रतननं निरोप धाडला, बन्सीचे वकील आले. सतरा फेब्रुवारीचं पान पाहून उडालेच. म्हणाले, एवढं पान पुरे, बाकी घरातली लक्तरं कशाला बाहेर काढता?
रतन म्हणाली, "सगळी वही घ्या, न्हाईतर पान बी न्हाई."
वकील माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. वही आज देतोय.

४ ऑक्टोबर
सुट्या कागदावर लिहितोय, वही कोर्टात जमा आहे.
साक्षीत पिंजऱ्यात उभं करून माझ्याकडून सगळं मोठ्यानं वाचून घेतलं होतं. शटरचं पान, मनगटाचं पान, माझ्या हाताचं पान. आज बन्सी सुटला.
कोर्टाच्या फाटकाशी तो रतनची वाट बघत उभा होता. पलीकडं मीही. ती आमच्या मधून चालत गेली. राजूरच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायचं काम तिनं धरलंय, आम्हाला कोणालाच न सांगता; मला वकिलांकडून कळलं.
एसटीपर्यंत पळालो, हाक मारली. वाकड्या मनगटाच्या हातानं तिनं खिडकीची काच ओढून घेतली.