पट्टी न ठेवता दिलेलं उत्तर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्या आवाजाची भीती वाटते आहे. रविवारची दुपार आहे. नवीन पनवेलच्या घरात जेवणाच्या टेबलावर कारखान्याची फाइल उघडून बसले आहे, आणि गुरुवारी जे झालं ते काही केल्या डोक्यातून जात नाही. घरात सांगितलं तर म्हणतील, झालं नाही ना काही, मग सोड की. तुम्ही सोड म्हणाला नसतात. म्हणून तुम्हाला लिहिते.

पनवेल गावातलं ते वाचनालय आठवतं, तुम्ही तिथल्या ग्रंथपाल. कॉलेज सुटलं की मी तुमच्या हाताखाली तीन तास बसायची. कोणी काही विचारायला आलं की तुम्ही उत्तर म्हणून सांगतच नसा. उठायचं, पुस्तक काढायचं, पान उघडायचं, ओळीखाली ती सहा इंची लाकडी पट्टी ठेवायची आणि पुस्तक समोरच्याकडे फिरवायचं. "वाचा तुम्हीच." मग चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, पान आणि सही. सही म्हणजे हे मी डोळ्यांनी बघितलं, एवढाच तिचा अर्थ. एकदा एका गुरुजींनी कुठल्याशा किल्ल्याची उंची विचारली आणि मी पाठ होती ती फटकन सांगून टाकली. तुम्ही मला पुस्तक घेऊन त्यांच्यामागे पार एसटी स्टँडपर्यंत पिटाळलंत. परत आले ती फणफणतच. म्हटलं, उत्तर बरोबरच निघालं की! तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "अगं, बरोबर आहे हे सांगताना तुला कुठे माहीत होतं?" तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की दोन दिवस मी धड बोलले नाही.

कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमच्या घरचे सगळे, इथल्या इतर ज्यू कुटुंबांसारखे, एकेक करून इस्रायलला गेलेले, तुम्ही एकट्याच इथे. स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून नारळाच्या दुधातला हलवा वड्या पाडून दिलात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ती पट्टी दिलीत. म्हणालात, वाचनालयात तुझं चुकलं तर फार तर कोणाचा निबंध चुकेल, तिथे चुकलं तर काय होईल ते मला कळत नाही. तुम्ही कधी घाबरलेल्या दिसला नव्हतात. त्या दिवशी थोड्या दिसलात, आणि मी मात्र हलवा खाण्यात दंग.

तिथे सुरुवातीला मी ग्रंथपाल होते. रसायनांची जाडजूड हँडबुकं, मानकं, पेटंटं. इंजिनिअर यायचे, मी पट्टी ठेवून दाखवायची. मग दारावरची पाटी बदलली, माहिती अधिकारी झाले. मग कोणी खोलीत येईनासंच झालं, प्रश्न मेलवर आणि उत्तर तासाभरात हवं. आता कंपनीने संगणकावरची एक यंत्रणा घेतली आहे. प्रश्न टाकला की ती क्षणात सारांश काढून देते, खाली पुस्तकाचं नाव आणि पान नंबरसुद्धा. माझं काम काय, तर ते मूळ पुस्तकाशी ताडून खाली सही करायची. पहिले काही महिने मी प्रत्येक पान उघडलं. दर वेळी बरोबर निघायचं. मग कधी उघडलं, कधी नाही. शिवाय वरचे साहेब येताजाता विचारत होते, मॅडम, यंत्रणा असताना तुम्हाला एवढा वेळ का लागतो? खोटं कशाला बोलू, मला नोकरी जायची भीती होती.

गेल्या सोमवारी प्लँटवरच्या इंजिनिअर मुलीचा मेल आला. कामोठ्याला राहते, हुशार आहे, घाईत असते. नवीन रसायन टाकीत भरायचंय, वरच्या मोकळ्या जागेत हवेऐवजी नायट्रोजन ठेवायचा का? यंत्रणा म्हणाली, ठेवा. खाली आपल्याच हँडबुकाचं पान दिलेलं. त्या आठवड्यात आमची खोली मोडून मीटिंग रूम करायचं चाललं होतं. पुस्तकं सुतळीने बांधून भिंतीशी रचलेली होती. ते हँडबुक सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात. मी गठ्ठ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि सही केली. सुतळीची एक गाठ सोडायची होती हो बाई, एक गाठ.

गुरुवारी कुठली पुस्तकं ठेवायची आणि कुठली रद्दीत द्यायची ते ठरवायला गठ्ठे सोडले. हँडबुक हाताला लागलं तसं मन खायला लागलं म्हणून ते पान उघडलं. त्यावर भलत्याच रसायनाची माहिती. मग आमचं रसायन शोधलं, ओळीखाली पट्टी ठेवली आणि वाचलं: हे नायट्रोजनखाली ठेवू नये. यात मिसळलेला स्थिरक, म्हणजे रसायन शांत ठेवणारा पदार्थ, हवेतल्या प्राणवायूशिवाय काम करत नाही, मग रसायन आपोआप तापत जातं आणि टाकी फुटू शकते. प्लँटवर फोन लावला तर कळलं, टाकी सकाळीच भरली, नायट्रोजन सुरू होऊन तीन तास झाले. पुस्तक छातीशी धरून मी प्लँटकडे धावले. या वयात, साडीत.

टाकीशी उरणकडचे एक ऑपरेटर उभे होते. कोळ्यांच्या घरातले, निवृत्तीला आलेले, दिवसातले आठ तास त्या टाकीच्या सावलीत काढणारे. इंजिनिअर मुलीला ओळ दाखवली. तिचा चेहरा उतरला. तिने माल पाठवणाऱ्या कंपनीला फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं, ते सांगतील तसा नायट्रोजन बंद करून हवा आत घेतली. मग आम्ही तिघं तापमानाच्या काट्याकडे बघत उभे. काटा हलला नाही. संध्याकाळपर्यंत हलला नाही. कसं घडलं असं मुलीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, नवीन माहिती हाती आली. नवीन! माझ्याच खोलीतल्या पुस्तकात वर्षानुवर्षं छापलेली. शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवून माझ्या दक्षतेचं कौतुक केलं. तो मी अर्धवट वाचूनच बंद केला.

आणि आता ही फाइल. यंत्रणा आल्यापासूनची माझी उत्तरं, प्रत्येकाखाली माझी सही. कुठली बघून केली आणि कुठली न बघता, ते सहीवरून मलाच ओळखता येत नाही. यातल्या कितीतरी कागदांवर त्या प्लँटमधले पाइप, झडपा, टाक्या आज चालू आहेत. आता कारखान्यात सायरन नुसता तपासायला वाजवला तरी मी खुर्चीतून उठते. पट्टी समोर आहे, पण पुस्तकं तिकडे, आणि उद्या सकाळी सातला त्या ऑपरेटरांची पाळी सुरू होते.

हे पत्र त्याच हँडबुकात, त्या पानाशी ठेवीन. तुम्ही असतात तरी वाचायला द्यायला धजले नसते, कारण सगळ्यात लाज वाटावी ते अजून लिहिलेलं नाही. काल शनिवारी सुटताना ते ऑपरेटर गेटपाशी माझ्यासाठी थांबले होते. डबा हातात, चेहऱ्यावर राग वगैरे काही नाही. "मॅडम, मी काय शिकलेला नाय. येवढंच सांगा, बाकीचे कागद तुमी बघूनच दिले ना?"

मी म्हणाले, हो, बघूनच दिले. ते हसले, "मंग काय भीती नाय" म्हणाले आणि गेले. बाई, तेही उत्तर मी न बघताच दिलं.