सानूचा उजवा कान

४ नोव्हेंबर, मंगळवार
सानूला धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं. ऑपरेशन उद्या. जन्मापासून उजव्या कानाच्या जागी नुसती शेंगदाण्याएवढी गाठ. आता अकरावं वर्ष चालू आहे. डॉक्टरबाई बरगडीची कूर्चा काढून, कोरून तिचा कान करणार आणि कातडीखाली बसवणार.
सानूने विचारलं, "कूर्चा म्हणजे हाडच ना?"
बाईंनी तिचा डावा कान दुमडून सोडला. आला परत जागेवर. "हाड असं वाकलं असतं का? नाकाच्या शेंड्यात हीच असते. बरगड्या समोर जोडलेल्या असतात तिथेही. म्हणून तर श्वास घेताना छाती फुगते."
त्यातलाच तुकडा काढणार.
विलास मला खाली चहाला घेऊन गेला. म्हणे, "काहून कापाचं पोरीले? डाव्या कानानं ऐकू येते ना तिले." म्हटलं, तिलाच विचार. विचारलं त्याने. ती म्हणाली, "बाबा, मले पोहाले जायचं आहे. ओल्या केसांत दिसते ते." मग संमतीचा फॉर्म त्यानेच आणला. सही मात्र मलाच करायला लावली.

५ नोव्हेंबर, बुध.
सकाळी आत नेलं. दुपार उलटली तरी दार बंदच. विलास नुसता जिन्यात उभा.
शेवटी बाई बाहेर आल्या. कान नीट बसला म्हणाल्या. पण सानूला कानापेक्षा छाती जास्त दुखते. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "आई, शिंक आली तर?" तेव्हापासून मी त्या शिंकेलाच घाबरून बसले आहे.

७ नोव्हें., शुक्र.
कानाजवळ दोन बारीक नळ्या. आत साचलेलं रक्त ओढून घेतात, म्हणजे कातडी कूर्चेला चिकटून राहते. बाईंनी सांगितलं, कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरची कातडी जगली तर ती जगणार.
हे आधीही सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.
सासूबाईंचा वर्ध्याहून फोन. "हात नोको लावू देजो वं तिले." हात नाही लावत ती. पण झोपेत उजव्या कुशीवर वळते, लहानपणची सवय. मी उशी लावून बसते. डोळा लागला की दचकते.

१० नोव्हें., सोम.
ड्रेसिंग काढलं. कान आहे. खरंच कान आहे, कड, वळणं, सगळं. आणि वरच्या कडेला मसुरीच्या डाळीएवढी काळपट जागा.
बाई वाकून बघत राहिल्या.
"तिथे रक्त कमी पोचतंय. दोन दिवस बघू."
कातडी गेली तर? "तर खालची कूर्चा उघडी पडेल. उघडी राहिली की सुकते. मग शेजारची कातडी ओढून झाकावं लागेल."
विलास "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं. सही माझी आहे.

१२ नोव्हें., बुध.
जागा वाढलेली नाही. कमीही नाही. बाईंनी सुईने हलकेच टोचून पाहिलं, रक्ताचा थेंब आला. उशिरा आला, पण आला. त्या म्हणाल्या, "हे बरं आहे." बरं म्हणजे किती बरं, ते विचारायचा धीर झाला नाही. उद्यापर्यंत रंग आणखी काळवंडला तर पुन्हा ऑपरेशन थिएटर.
सानूने आरसा मागितला. नको म्हणणार होते, तोवर विलासने मोबाइलचा कॅमेरा उलटा करून तिच्यासमोर धरला. मान वळवून वळवून पाहत होती. मी फक्त त्या काळ्या ठिपक्याकडे बघत होते.
ती म्हणाली, "बाबा, हा तर तुमच्यावानी आहे. खालची पाळी चिकटलेली."
"दाखव," म्हणाला. वाकला. मग मोबाइल माझ्या हातात देऊन बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.
सानू अजून मोबाइलमध्येच बघते आहे. ठिपक्याबद्दल काही विचारलेलं नाही तिने. उद्या सकाळी तपासणीला पहिला नंबर आमचाच.